माशीच्या पोटात उतरणारा अंगरखा

परजीवींचं नाव निघालं की आपण रोगाबद्दल बोलतो, औषधांबद्दल बोलतो. त्या जिवाच्या पेशीबद्दल क्वचितच. म्हणून आज प्राणिशास्त्रज्ञ कीथ व्हिकरमन. 1933 साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला जन्म, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण, 1968पासून ग्लासगो विद्यापीठात, 2016 साली निधन. बाहेरून पाहिलं तर चरित्र एवढंच. खरा प्रवास त्यांनी ज्याचा पिच्छा पुरवला त्या ट्रिपॅनोसोमचा आहे.

हा एकपेशीय जीव आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्यातून माणसाच्या रक्तात उतरतो आणि निद्रारोग जडतो. लांबी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. तो पेशीत लपत नाही, उघड्यावर रक्तात पोहतो. मग आपली प्रतिपिंडं, म्हणजे शिरलेल्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारी रक्तातली प्रथिनं, त्याला संपवत का नाहीत? 1910 साली रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी लिव्हरपूलमध्ये एका रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजले. हे रॉस म्हणजे सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणारेच. त्यांच्या आलेखात परजीवींची संख्या चढते, कोसळते आणि आठवड्याभराने पुन्हा चढते. दर वेळी थोडे परजीवी वाचतात आणि नव्याने वाढतात, हे कळलं. कसे वाचतात, ते पुढे बरीच दशकं कळलं नाही.

व्हिकरमननी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावला. पण त्यांनी रक्तातला परजीवी पाहून समाधान मानलं नाही, माशीच्या आतड्यातला पाहिला, लाळग्रंथीतलाही पाहिला. माझ्या मते त्यांचं मोठेपण याच हट्टात आहे. 1969च्या निबंधात त्यांनी दाखवलं, की रक्तातल्या ट्रिपॅनोसोमवर सुमारे 15 नॅनोमीटर जाडीचं सलग आवरण असतं. प्रथिनं पचवणारं विकर घातलं की ते निघून जातं, म्हणजे ते प्रथिनाचं. माशीच्या आतड्यात हा अंगरखा उतरतो. लाळग्रंथीत, पुन्हा सस्तन प्राण्याच्या अंगात शिरायची वेळ आली, की परत चढतो. माशीच्या शरीरात प्रतिपिंडं बनत नाहीत, तिथे अंगरख्याचं काय काम? यावरून त्यांनी मांडलं, की प्रतिपिंडं ओळखतात ती या आवरणाला, आणि परजीवी ते बदलून निसटतो. आज कोणी अनुदान मागताना असा प्रस्ताव दिला तर ‘नुसती चित्रं काढताय’ असं ऐकून घ्यावं लागेल!

चित्रांत दिसलेल्या त्या आवरणाचा रेणू, म्हणजे ते प्रथिन, 1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज क्रॉस यांनी वेगळा काढला. एका पेशीवर त्या प्रथिनाच्या सुमारे 1 कोटी प्रती दाटीवाटीने उभ्या असतात. त्याची जनुकं, अर्धवट तुकडे धरून, दोन हजारांच्या आसपास, आणि एका वेळी चालू असतं एकच. लस बनवायची तरी कुठल्या आवरणाविरुद्ध?

त्यांचं दुसरं काम कमी गाजलं, मला मात्र ते जास्त आवडतं. ट्रिपॅनोसोमच्या पेशीत तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) एकच असते. रक्तात ती बारीक नळीसारखी, जवळजवळ निद्रिस्त दिसते. रक्तात साखर मुबलक आहे, तिच्यावर भागतं. माशीच्या आतड्यात साखर नसते, प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लावर गुजराण करावी लागते, आणि तिथे तीच तंतुकणिका फुलून जाळ्यासारखी पसरते. 1965 साली व्हिकरमननी दाखवलं, की रक्तातल्याच आखूड, जाडसर पेशींमध्ये ही जागृती आधीच सुरू झालेली असते. माशी चावण्याआधीच माशीची तयारी!

आता आपल्याकडे येऊ. भारतात त्सेत्से नाही, तरी ट्रिपॅनोसोम आहे. 1880 साली आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला तो घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. रोगाचं नाव सर्रा. या परजीवीने तंतुकणिकेतल्या डीएनएचा महत्त्वाचा भाग गमावला आहे. त्यामुळे तिची ती जागृती त्याला जमत नाही आणि त्सेत्सेच्या पोटात तो वाढू शकत नाही. पण म्हणूनच त्याला त्सेत्सेची गरजही उरली नाही. गोमाशीच्या रक्ताळलेल्या सोंडेवरून तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो आणि आफ्रिकेबाहेर इतक्या दूर पोचला. तंतुकणिकेचं ते चित्र मनात नसेल तर ही गोष्ट उलगडत नाही.

माणसाला सर्रा होत नाही असं मानलं जायचं, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल1 नावाचं प्रथिन त्या परजीवीला मारतं. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येत राहिला आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी निघाला. 2005 साली ही नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी कारणही कळलं: त्या प्रथिनाच्या जनुकाच्या त्याच्याजवळच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. सुरामिन या निद्रारोगावरच्या जुन्या औषधाने तो बरा झाला.