स्टेशिया: सलामी ज्यांना मिळाली नाही

[दृश्य: ओरान्ये किल्ल्याचा तट, समुद्राकडे रोखलेल्या तोफा]

कॅरिबियन समुद्रातलं सेंट युस्टेशियस. इथले लोक म्हणतात स्टेशिया. अवघं 21 चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती तीन हजारांच्या आसपास. 1636 मध्ये डच इथे आले आणि कड्याच्या टोकावर त्यांनी हा किल्ला उभारला.

16 नोव्हेंबर 1776. अँड्र्यू डोरिया नावाचं अमेरिकन बंडखोरांचं जहाज बंदरात शिरलं, त्यानं सलामी दिली. गव्हर्नर योहानेस दे ग्राफ यांच्या हुकमावरून किल्ल्यानं तोफांनी उत्तर दिलं. हे बंडखोर ब्रिटिशांविरुद्ध लढत होते, आणि त्यांच्या सलामीला उत्तर देणं म्हणजे त्यांच्या नव्या देशाला मान देण्यासारखंच होतं. ब्रिटिश संतापले. अमेरिकेला मात्र तो मान आजही मोलाचा वाटतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1939 मध्ये दिलेला फलक इथे आहे, आणि 16 नोव्हेंबर हा बेटाचा सण आहे.

[दृश्य: खालचं गाव. पडक्या भिंती, लाटा]

आता कड्याखाली उतरू या. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर वखारींची रांगच होती. बंदर खुलं असल्यामुळे युद्ध कुणाचंही असो, स्टेशियात सगळ्यांचा माल खपायचा. साखर, कापूस, तंबाखू, आणि अमेरिकन बंडखोरांसाठी चोरून जाणारी बंदुकीची दारू. लोक या बेटाला ‘सोन्याचा खडक’ म्हणत.

3 फेब्रुवारी 1781 रोजी ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीनं बेट जिंकलं. किल्ल्यावर डच झेंडा त्यानं मुद्दाम तसाच फडकत ठेवला. तो पाहून निर्धास्तपणे बंदरात शिरणारी जहाजं त्याच्या हाती आयती लागली. वखारींची लूट झाली. ज्यू व्यापाऱ्यांना एकत्र गोळा करून त्यांच्या कपड्यांची अस्तरंसुद्धा उसवली गेली, आणि तिसेक जणांना बायकामुलांचा निरोपही घेऊ न देता हद्दपार केलं. त्यांच्या 1739 च्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, पिवळसर विटांच्या भिंती वरच्या गावात अजून उभ्या आहेत. जरूर पाहा.

[दृश्य: कड्यावर चढणारी जुनी फरसबंद वाट]

पण या वखारींतून आणखी एक व्यापार चालायचा. आफ्रिकेतून आणलेली माणसं इथे विकली जायची आणि शेजारच्या बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत पाठवली जायची. खालच्या गावातून वर जाणाऱ्या या वाटेला आजही गुलामांची वाट म्हणतात. आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याला ज्यांनी सलामी दिली, ते दे ग्राफ स्वतः मळ्यांचे आणि गुलामांचे मालक होते. ही गोष्ट किल्ल्यावरच्या फलकाशेजारीच सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

1848 मध्ये शेजारच्या सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागात गुलामी संपली. ती बातमी कळल्यावर स्टेशियातले लोकही स्वातंत्र्य मागायला उठले. त्यांना बंदुकांनी पांगवलं गेलं. डच वसाहतींत मुक्ती आली ती 1 जुलै 1863 रोजी. भरपाई मात्र मालकांना मिळाली, राबणाऱ्यांना नाही.

[दृश्य: हातावर निळा मणी]

वादळानंतर किनाऱ्यावर कधीकधी असे निळे काचमणी सापडतात. बेटावर सांगतात, मुक्तीच्या दिवशी लोकांनी आपले मणी समुद्रात फेकून दिले. पुरावा नाही, पण प्रत्येक घरात ही गोष्ट ठाऊक आहे. आणि मला ती जपावीशी वाटते, कारण गुलामांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं इथे फारसं काही उरलेलं नाही.

[दृश्य: विमानतळाची धावपट्टी, बाजूची मोकळी जमीन]

2021 मध्ये या विमानतळाजवळ उत्खनन सुरू झालं आणि गुलामांची दफनभूमी सापडली. चाळीसहून अधिक सांगाडे बाहेर आले. तेव्हा बेटावरची माणसं पुढे झाली. आमच्या पूर्वजांना आम्हाला न विचारता का उकरता, असा त्यांचा सवाल होता. विरोध वाढला, काम थांबवावं लागलं. 2010 पासून स्टेशिया नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, त्यामुळे हा सवाल थेट हेगपर्यंत, म्हणजे डच सरकारपर्यंत पोहोचतो. या माणसांचं पुन्हा दफन सन्मानानं व्हावं, आणि ते कसं व्हावं हे बेटानंच ठरवावं, अशी त्यांची मागणी आहे.