आदल्या रात्रीची तयारी, स्पॅनिशमध्ये

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या पुढे आहे आणि त्यांतील बऱ्याच जणांचे इंग्रजी कामापुरतेच असते. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ नुसार, सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी अशा रुग्णांना विनामूल्य दुभाषी द्यायचा असतो. आणीबाणीचा प्रसंग सोडला, तर रुग्णाच्या लहान मुलांना या कामाला जुंपणे नियमात बसत नाही. न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांनाही हाच हक्क आहे. मात्र दुभाषी भेटतो तो रुग्णालयात, आणि कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीची, खरी तयारी होते ती घरी, आदल्या दिवशी. म्हणून ती समजावणारा व्हिडिओ रुग्णाच्या भाषेत हवा.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीची नियमित तपासणी ४५ व्या वर्षापासून सुरू करावी, अशी शिफारस तिथे २०२१ पासून आहे. कोलोनोस्कोपीत डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहतात आणि पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकेल असा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला मांसल उंचवटा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून टाकतात. पण आतडे नीट साफ झालेले नसेल, तर मळाखाली दडलेला पॉलिप दिसत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ आणखी एका दिवसाचा बुडालेला पगार, आणि असा माणूस दुसऱ्यांदा येईलच याची खात्री कोण देणार?

इंग्रजी माहितीपत्रकाचे नुसते भाषांतर इथे पुरे पडत नाही. लाल आणि जांभळी पेये टाळा, असे त्यात लिहिलेले असते, कारण तो रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो. पण मेक्सिकन कुटुंबात आवडीने प्यायले जाणारे आग्वा दे हमायका, म्हणजे आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत, त्यात बसते हे पत्रक सांगत नाही. स्पॅनिशभाषक घरासाठीच केलेला व्हिडिओ त्या लालभडक सरबताचा जग पडद्यावर दाखवतो आणि बाजूला सारतो. घेवड्याचे फ्रिहोलेस आणि मक्याच्या तोर्तिया काही दिवस आधीपासून बंद. कोंबडीचा कालदो, म्हणजे पातळ रस्सा, आदल्या दिवशी चालतो, पण गाळून. भाजीचा तुकडा किंवा भाताचे शीत त्यात राहता कामा नये.

मग येतो आतडे साफ करणाऱ्या औषधाचा प्लॅस्टिकचा कॅन. अनेक ठिकाणी तो चार लिटरचा असतो, तळाशी पांढरी पावडर असते, आणि खुणेच्या रेषेपर्यंत पाणी भरून पावडर पूर्ण विरघळेपर्यंत तो हलवायचा असतो. अर्धे औषध संध्याकाळी आणि उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी घ्यायचे असल्यामुळे, सकाळी आठची वेळ मिळालेल्या रुग्णाला पहाटे तीनच्या सुमारास उठावे लागते. हे वाक्य कागदावर वाचून, आपल्याला काहीतरी चुकीचे कळले असावे, असे कोणालाही वाटेल. पडद्यावर स्वयंपाकघरातले घड्याळ आणि पेला घेऊन बसलेला माणूस दिसला, की शंका उरत नाही. कितीदा शौचाला जावे लागेल आणि शेवटी पिवळसर, पाण्यासारखे होणे ही तयारी नीट झाल्याची खूण कशी, हेही आडपडदा न ठेवता सांगितलेले बरे. गुंगीचे औषध दिले जाणार असल्याने घरी नेण्यासाठी सोबत कोणी मोठे माणूस हवे, हे सांगायला मात्र एक वाक्य पुरते.

इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचे प्रश्न व्हिडिओ सोडवू शकत नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. म्हणून व्हिडिओ पाहून झाल्यावर परिचारिकेने दुभाष्यामार्फत रुग्णालाच विचारावे की उद्या तुम्ही काय प्याल, किती वाजता प्याल, आणि उत्तर चुकले तर तेवढाच भाग पुन्हा दाखवावा. ग्वातेमालातून आलेल्या काही रुग्णांची मातृभाषा तर माम किंवा किचे ही माया कुळातील भाषा असते. नोंदणीच्या वेळी त्यांना सरसकट स्पॅनिशभाषक धरले, तर हा व्हिडिओही त्यांना अर्धाच कळेल. त्यांच्यासाठी वेगळा दुभाषी आधीच ठरवून ठेवावा लागतो.