डाव्या पायाचा नाकामुरा

जपानचा फुटबॉलपटू शुनसुके नाकामुराला पहिला नकार मिळाला तो त्याच्या स्वतःच्या शहरात. 1978 मध्ये योकोहामात जन्मलेला हा मुलगा मारिनोस क्लबच्या कुमार संघातून खेळत होता. पण वरच्या युवा संघाची निवड झाली, तेव्हा लहान चणीमुळे त्याला वगळण्यात आले. मग तो तोको गाकुएन या शाळेकडून खेळू लागला. तिथे त्याची उंची वाढली, जानेवारी 1997 मध्ये शाळेने राष्ट्रीय शालेय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, आणि ज्या मारिनोसने त्याला नाकारले होते त्याच क्लबने त्या वर्षी त्याच्याशी व्यावसायिक करार केला. 2000 मध्ये तो जे लीगचा, म्हणजे जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरा नकार अधिक जिव्हारी लागणारा होता. 2002 चा विश्वचषक जपान आणि दक्षिण कोरियात होणार होता आणि अंतिम सामना तर योकोहामातच होता. तरीही प्रशिक्षक फिलिप ट्रूसिए यांनी जाहीर केलेल्या 23 जणांच्या संघात नाकामुराचे नाव नव्हते. त्याच वर्षी तो इटलीला गेला आणि दक्षिण टोकावरच्या रेज्जिना या लहान क्लबकडून तीन मोसम खेळला. पहिल्या श्रेणीतले स्थान टिकवण्यासाठीच धडपडणाऱ्या अशा संघाच्या वाट्याला चेंडू कमी येतो आणि गोलच्या संधी त्याहून कमी. तिथे फ्री किकचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगानंतर थांबलेल्या चेंडूवर मिळणाऱ्या फटक्याचे, मोल फार मोठे असते.

त्याची फ्री किक सावकाश पाहण्यासारखी आहे. चेंडूपासून 9.15 मीटरवर प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी असते. नाकामुरा थोडाच मागे सरतो, तिरका धावत येतो, उजवा पाय चेंडूशेजारी घट्ट रोवतो आणि शरीर झुकवून डाव्या पायाची आतली बाजू चेंडूला खालून वर घासत नेतो. त्यामुळे चेंडू स्वतःभोवती वेगाने फिरू लागतो, दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब असमान होतो, आणि भिंतीवरून निघालेला चेंडू बाहेर जाणार असे वाटत असतानाच वळून गोलच्या चौकटीत उतरतो. नाकामुराकडे वेग नव्हता, धडकाधडकीत टिकणारी ताकदही बेताची होती; पण थांबलेल्या चेंडूपाशी या दोन्ही उणिवांचे काही चालत नाही. ही कला सरावाने, आणि पुष्कळदा एकट्याने केलेल्या सरावाने, साध्य होते. त्याची सारी कारकीर्द या एका गोष्टीवर उभी आहे, असे मला वाटते.

2004 च्या आशियाई चषकात मात्र उजव्या पायाने दगा दिला. चोंगचिंगमध्ये जॉर्डनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात पेनल्टी शूटआउटची वेळ आली, उखडलेल्या मातीवर त्याचा आधाराचा पाय घसरला आणि चेंडू गोलवरून उडाला. पाठोपाठ सहकारी सांतोसचीही तीच गत झाली. तेव्हा कर्णधार मियामोतोने पंचांकडे जाऊन गोलची बाजू बदलून मागितली, पंचांनी ती बदलली, आणि जपान हातचा गेलेला सामना जिंकला. पुढे बीजिंगमध्ये यजमान चीनला 3-1 असे हरवून जपानने चषक राखला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता नाकामुरा.

2005 मध्ये तो स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या सेल्टिक क्लबमध्ये दाखल झाला. सप्टेंबर 2006 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध फ्री किकवर गोल केला, पण सेल्टिक 3-2 असा हरला. 21 नोव्हेंबरला तोच प्रतिस्पर्धी ग्लासगोत आला. 81 व्या मिनिटाला, गोलपासून सुमारे 30 यार्डांवर फ्री किक मिळाली. एकदा फसलेला गोलरक्षक फान डर सार या वेळी सावध होता, तरीही चेंडू भिंतीवरून वळत वरच्या कोपऱ्यात शिरला. अखेरच्या क्षणी सेल्टिकचा गोलरक्षक बोरुत्सने युनायटेडच्या साहाची पेनल्टी अडवली, सेल्टिक 1-0 असा जिंकला आणि युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या 16 संघांत प्रथमच पोहोचला. पुढच्या एप्रिलमध्ये किल्मार्नकविरुद्ध भरपाई वेळेत त्याच्याच फ्री किकने लीगचे विजेतेपद निश्चित झाले. त्या मोसमात स्कॉटलंडच्या खेळाडूंनी आणि फुटबॉल पत्रकारांनीही त्यालाच सर्वोत्तम निवडले.

विश्वचषकाने मात्र त्याला भरभरून असे काही दिले नाही. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने टोलावलेला क्रॉस थेट गोलमध्ये गेला, पण शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल स्वीकारून जपान हरला. 2010 मध्ये त्याला फक्त नेदरलँड्सविरुद्ध, तेही बदली खेळाडू म्हणून, उतरता आले. त्यानंतर 98 सामने आणि 24 गोलांवर त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

स्पेनमधील एस्पान्योलमधला मुक्काम अल्पकाळाचा ठरला आणि 2010 मध्ये तो मारिनोसकडे परतला. 2013 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो पुन्हा जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच. परंतु मोसमाच्या शेवटच्या दिवशी मारिनोस कावासाकीकडून हरला आणि विजेतेपद हिरोशिमाकडे गेले. वैयक्तिक पुरस्काराने त्या पराभवाची भरपाई झाली असेल, असे मला वाटत नाही.

पुढे तो जुबिलो इवाता आणि योकोहामा एफसीकडून खेळला. ऑक्टोबर 2022 मध्ये कुमामोतोविरुद्ध अखेरचा सामना खेळून तो 44 व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा जे लीगच्या पहिल्या श्रेणीत थेट फ्री किकवर सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता. 2023 पासून त्याने योकोहामा एफसीमध्येच प्रशिक्षकाचे काम सुरू केले.