तीनशे पाच

[काळा पडदा. की-बोर्डची टकटक. मग माउसची एकच क्लिक.]

आकडा दाखवण्याआधी स्क्रीन एक प्रश्न विचारते. गुण नोंदवायचे, की रद्द करायचे? हा प्रश्न येतो तेव्हा गुण किती पडलेत ते आपल्याला ठाऊक नसतं. रद्द म्हटलं तर आकडा दिसतच नाही. नोंदवा म्हटलं तर पुढच्याच क्षणी दिसतो, आणि मग माघार नाही. जवळजवळ चार तास बसून पाठ आखडलेली, डोळे चुरचुरणारे, अन् अशा वेळी हा असा सवाल.

मी ‘नोंदवा’वर क्लिक केलं.

क्वांट १५४. व्हर्बल १५१.

[दृश्य: रिकामी खुर्ची, बाजूला ठेवलेला हेडफोन, कच्च्या कामाचे कागद.]

ही जीआरई. पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. १९३७ साली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांनी ती पहिल्यांदा घेऊन पाहिली. पुढे ती ईटीएस या संस्थेकडे आली आणि आता जगभर दिली जाते. क्वांट म्हणजे गणित, व्हर्बल म्हणजे इंग्रजी भाषा; दोन्हींना १३० ते १७० अशी पट्टी. निबंधाला वेगळे, शून्य ते सहा. १३० च्या खाली गुण जातच नाहीत. म्हणजे खरा खेळ चाळीस गुणांचा, आणि मला त्यात गणिताला चोवीस. हा हिशोब मी तिथेच खुर्चीत बसून केला. अशा वेळी गणित बरं सुचतं!

पुढची स्क्रीन आली. चार विद्यापीठं निवडा, त्यांना गुण फुकट कळवू. ही सवलत परीक्षेच्या दिवशीच, त्याच खुर्चीत बसून घ्यायची. मला तेव्हा चार तर सोडाच, एका विद्यापीठाचंही नाव आठवेना. हे गुण कुणाला दाखवायचे कशाला, असं वाटलं आणि काहीच न निवडता मी पुढे गेलो. नंतर पाठवताना प्रत्येक ठिकाणचे पैसे भरावे लागले. निराशेत घेतलेल्या निर्णयांपैकी हा सगळ्यात स्वस्तातला, म्हणून आधी सांगतोय.

[दृश्य: लॉकरची किल्ली. फोन चालू होतो, मेसेजची रांग.]

फोन सुरू केला तर ग्रुपवर सतरा मेसेज. सगळ्यांचं म्हणणं एकच: किती?

आधी आईला फोन लावला. “झाला का रे पेपर? कसा गेला?” म्हणाली. आपल्या भाषेत पेपर ‘जातो’. चांगला जातो, वाईट जातो, पण जातो एवढं नक्की. मी म्हटलं, “गेला.” तिने पुढे विचारलं नाही. ग्रुपने मात्र विचारलं. टोटल किती?

तीनशे पाच, असं लिहून फोन उलटा ठेवला.

आता एक गंमत बघा. गुणपत्रिकेवर ही टोटल कुठेच नसते. व्हर्बल, क्वांट आणि निबंध हे तीन वेगळे गुण आहेत, ते वेगळेच वाचा, असं ईटीएस विद्यापीठांना सांगते. तरी ‘तीनशे किती’ हा प्रश्न काही जात नाही. दोन आकड्यांची बेरीज केली की माणसाला एक आकडा चिकटतो, आणि एक आकडा असला की रांगेत उभं करणं सोपं. पण क्वांटचे १६० आणि व्हर्बलचे १६० ही सारखी वस्तू नाही. व्हर्बलमध्ये १६० म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांच्या पुढे. क्वांटमध्ये तेच १६० म्हणजे कुठेतरी मध्यावर, इतके लोक गणितात वर गर्दी करून आहेत. मग बेरीज कसली करायची?

[दृश्य: रात्र. टेबलावर वही, सात ओळी.]

त्या रात्री झोप आली नाही. उशिरा उठून मॉकची वही काढली. परीक्षेच्या आधी सात सराव परीक्षा दिल्या होत्या. क्वांटचे गुण ओळीने लिहिलेले होते: १५५, १५७, १५४, १५८, १६३, १५७, १५६.

मला आठवत होते ते फक्त १६३. पाचव्या मॉकचे. त्या दिवशी मी ग्रुपवर फोटोही टाकला होता. त्यानंतरच्या दोन मॉकना मी ‘मूड नव्हता’, ‘झोप कमी झाली होती’ अशी कारणं दिली आणि मनातल्या मनात १६३ हीच आपली पातळी ठरवून टाकली. पाचवी मॉक खरी, बाकीच्या सहा खोट्या!

सातांची सरासरी काढली. १५७ आणि वर किंचित. म्हणजे माझे गुण नऊने घसरले नव्हते, तीनने घसरले होते. सहा गुणांचं दुःख मी स्वतःच तयार केलेलं होतं. बरं वाटलं का? नाही. पण रात्री दोन वाजता हिशोब जुळला की निदान छाताडावरचा दगड जरा सरकतो.

[दृश्य: वजनकाट्याचा काटा थरथरत स्थिर होतो.]

आणि त्या तीनमध्येही किती खरे?

स्क्रीनवर १५४ असा ठसठशीत आकडा येतो. वाटतं, ताणकाट्यावर तोलून दिलाय. प्रत्यक्षात कोणतीही परीक्षा मोजताना थोडी हलतेच. कोणते प्रश्न वाट्याला आले, कोणता अंदाज लागला, शेजारचा किती खोकला. या हलण्याला संख्याशास्त्रात प्रमाण त्रुटी म्हणतात, आणि जीआरईच्या एका विभागात ती साधारण दोन गुणांच्या घरात असते. तोच माणूस, तीच तयारी, दुसरा दिवस, आणि १५४ च्या जागी १५२ किंवा १५६ दिसले तर त्यात नवल नाही. १५४ हा ठिपका नसून डाग आहे, कडा पुसट असलेला.

हे ईटीएस लपवतही नाही. थोड्याशा फरकावरून उमेदवारांत डावं-उजवं करू नका, आणि केवळ जीआरईच्या कटऑफवर कुणाला नाकारू नका, हे तिच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. विद्यापीठांतले सगळे विभाग ते पाळतात असं समजण्याइतका मी भोळा नाही. शेकडो अर्ज समोर असले की चाळणी लावायचा मोह कुणाला होत नाही?

आणखी एक. तेव्हाच्या पेपरात गुणांसाठी न धरलेला एक जादा सेक्शन असायचा, पुढच्या परीक्षांचे प्रश्न तपासून पाहण्यासाठी. कोणता, ते सांगत नसत. माझ्या पेपरात गणिताचे तीन सेक्शन आले, म्हणजे त्यातला एक बिनहिशोबी. त्यातल्या एकात माझे हातपाय गळाले होते आणि तो धसका मी शेवटपर्यंत वागवला. तोच बिनहिशोबी होता का? माहीत नाही. असेल तर मी एका फुकटच्या सेक्शनपायी पुढचा हिशोबातला सेक्शन घालवला. हा किडा डोक्यात दोन-तीन आठवडे तरी वळवळत होता.

आता परीक्षा देणाऱ्यांना हा त्रास नाही. सप्टेंबर २०२३ पासून पेपर पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आला, एक तास अठ्ठावन्न मिनिटं, आणि तो जादा सेक्शन गेला. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पहिला सेक्शन कसा सोडवला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. त्यामुळे दुसरा सेक्शन सोपा वाटायला लागला की पोरांच्या पोटात गोळा येतो. सोपा आलाय, म्हणजे पहिला बिघडला! अशा वेळी समोरचा प्रश्न सोडवायचं सोडून माणूस परीक्षेच्या मनात काय आहे ते ओळखत बसतो. सोपा वाटणारा सेक्शन चांगल्या तयारीमुळेही सोपा वाटू शकतो, एवढं तेव्हा सुचत नाही.

[दृश्य: वहीचं पान, तीन रकाने. स्टॉपवॉच.]

आठवडाभर मी काहीच केलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुसऱ्याच दिवशी पुन्हा नाव नोंदवायची खुमखुमी येते. नियमाप्रमाणे २१ दिवसांनी परत बसता येतं, सलग बारा महिन्यांत पाच वेळा. पण २१ दिवस ही परवानगी आहे, सल्ला नव्हे. काहीही न बदलता तिथे परत जाऊन बसणं म्हणजे तोच फासा पुन्हा टाकणं. पडेल ते दान.

मग दोन जुन्या मॉक पुन्हा काढल्या आणि गणिताच्या चुका तीन रकान्यांत लिहिल्या. येतच नव्हतं. येत होतं पण वेळ गेला. येत होतं, वेळही होता, तरी घोळ घातला. मला वाटत होतं पहिला रकाना भरून वाहील. त्यातल्या एका मॉकमध्ये चाळीसपैकी तेरा प्रश्न चुकले होते. पहिल्या रकान्यात तीन. तिसऱ्यात चार. मधल्यात सहा.

त्या सहांचं मूळ शोधायला स्टॉपवॉच लावून त्याच मॉकचा एक सेक्शन परत सोडवला. तेव्हा एका सेक्शनला वीस प्रश्न, पस्तीस मिनिटं. म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. आता प्रश्न कमी झालेत, पण भागाकार करून पाहा, क्वांटला प्रश्नामागे वेळ जवळपास तेवढाच पडतो. अकरावा प्रश्न संभाव्यतेचा होता. पिशवीतून दोन चेंडू काढायचे. त्यावर माझी चार मिनिटं पन्नास सेकंद गेली. उत्तर बरोबर आलं, आणि मी खूश! शेवटच्या तीन प्रश्नांना मिळून पाऊण मिनिटही उरलं नव्हतं. ते तिन्ही मला येत होते.

एका सेक्शनमध्ये अवघड प्रश्नालाही एक गुण आणि सोप्यालाही एकच. त्याच सेक्शनमध्ये मागे-पुढे जाता येतं, खूण करून प्रश्न सोडता येतो, चुकीला वजाबाकी नाही. हे सगळं मी वाचलं होतं. पण प्रश्न सोडून पुढे जाणं मला जमत नव्हतं. मला ती हार वाटायची. सरावाच्या पुस्तकांत याचा उतारा नाही. तो मी स्टॉपवॉचकडून घेतला, अडीच मिनिटांला बेल लावून.

[दृश्य: विद्यापीठांच्या प्रवेश-पानांचे धावते तुकडे.]

त्याच काळात एक भाबडा आधारही सापडला. जीआरईने काहीच कळत नाही, असं सांगणारे लेख. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ ते २०११ या काळात दाखल झालेले जीवशास्त्र-वैद्यकाचे ६८३ पीएचडी विद्यार्थी तपासले. कोण पीएचडी पूर्ण करेल, कोण किती शोधनिबंध लिहील, हे जीआरईवरून सांगता येईना. २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. मी तो सगळ्यांना पाठवत सुटलो.

मग दुसरा हाती आला. २००१ सालचा, ८२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र करून केलेला. त्यात जीआरईचे गुण आणि पुढच्या अभ्यासक्रमातले गुण यांचं नातं दिसतं; पदवी पूर्ण होण्याशी मात्र ते सैल. शिवाय पहिल्या प्रकारच्या अभ्यासांना एक अडचण असते. त्यांत फक्त प्रवेश मिळालेलेच मोजलेले असतात. ज्यांना घेतलंच नाही ते कसे निघाले असते, कुणाला ठाऊक? दोन्ही वाचून माझ्या लक्षात एवढंच आलं की मला संशोधन नको होतं, मलम हवं होतं.

कामाची गोष्ट वेगळीच निघाली, आणि ती प्रत्येक विभागाच्या पानावर उघड लिहिलेली होती. काही विभाग जीआरई मागतात. काही म्हणतात, ऐच्छिक. काही म्हणतात, पाठवलीत तरी बघणार नाही. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे दोन नियम. माझ्या यादीतल्या सहांपैकी दोघांना ती नकोच होती. मी मात्र सहाच्या सहा दारं बंद झाली म्हणून रडत बसलो होतो. शिवाय मागच्या परीक्षेचे गुण आपण पाठवल्याशिवाय जात नाहीत. पाच वर्षांतल्या कोणत्या खेपेचे पाठवायचे ते आपण ठरवतो. अपवाद एखाद्या विभागाने सगळेच मागितले तर. म्हणूनच तो सुरुवातीचा ‘रद्द करा’ मला निरर्थक वाटतो. रद्द केले आणि नंतर पस्तावलो तर ६० दिवसांत पैसे भरून परत मागवता येतात खरं, पण बघून न पाठवणं केव्हाही बरं.

[दृश्य: तीच खुर्ची, दुसरा दिवस.]

नऊ आठवड्यांनी पुन्हा बसलो. खिसे उलटे करून दाखवले, चष्मा तपासून घेतला, आत गेलो. गणितात एक भूमितीचा प्रश्न अडला, वर्तुळात त्रिकोण. खूण केली, सोडला. हात सोडायला तयार नव्हता, पण सोडला.

नोंदवायचे, की रद्द? नोंदवा.

क्वांट १५७. व्हर्बल १५०.

टोटल विचारणाऱ्यांसाठी: तीनशे सात. व्हर्बलचा एक गुण कमीच झाला. नऊ आठवड्यांत शब्दांची वही मी उघडलीही नव्हती, पण एका गुणावरून तिच्याविषयी काही सिद्ध होत नाही. १५७ पाहून मात्र हसू आलं. मॉकची सरासरी.

पुढची स्क्रीन आली. चार विद्यापीठं निवडा. या वेळी नावं पाठ करून नेली होती. चारही भरली.

लॉकर उघडला, फोन चालू केला. ग्रुपवर कुणीच काही विचारलं नव्हतं, कारण या खेपेची तारीख कुणालाच सांगितली नव्हती. आईचे दोन मिस्ड कॉल होते.

“कुठे होतास रे एवढा वेळ?”

“पेपर होता.”

“कसला?”

“तोच.”

ती क्षणभर थांबली. “बरं. कसा गेला?”

“गेला,” मी म्हटलं. “घरी येऊन सांगतो.”

[पडदा काळा.]