मेलेली नायिका उठते तेव्हा

मंडळी, माझ्याकडून ऑपेराच्या शास्त्राची अपेक्षा ठेवू नका. मी नाट्यसंगीतावर वाढलेला नाशिककर. इटालियनचा एक शब्द मला येत नाही. मुलीकडे व्हिएन्नाला गेलो होतो. तिथल्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. लोक आत शिरतात, कठड्याला मफलर बांधतात आणि खुशाल फिरायला जातात. मफलर म्हणजे जागा धरली! सीबीएस बसस्थानकावर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे आपण. मला तर घरीच आल्यासारखं वाटलं.

प्रयोग होता इटालियन संगीतकार वेर्दीच्या 'ला त्राविआता'चा. १८५३ साली व्हेनिसला याचा पहिलाच प्रयोग पडला. क्षयानं झिजून मरणारी नायिका अंगानं चांगली भरलेली होती, म्हणून लोक हसले. आमचीही काही किडकिडीत नव्हती. पण ती गायला लागली आणि माझा चावटपणा तिथेच संपला. माईक नाही, खाली भलामोठा वाद्यवृंद, आणि तरी तिचा अगदी बारीक केलेला सूर माझ्या कठड्यापर्यंत येत होता. उंच सुरात या गायिका जबडा असा उघडतात की तोंडाची पोकळी त्या सुराशीच जुळते, तंबोरा जुळवावा तशी. आपल्याकडे आता नाट्यपदालाही माईक लागतो, असो.

शेवटच्या अंकात नायिका व्हायोलेटा म्हणते, वेदना थांबल्या. उठून उभी राहते आणि कोसळते. मी ढसाढसा रडलो. पडदा पडला, उघडला, आणि मेलेली बाई हसत पुढे येऊन वाकली. हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन गाडीवर सॉसेज खाल्लं. खोटं कशाला सांगू, चवीनं खाल्लं.

आता दुसरी बाई. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक गारठ्यानं गेलेलं, तोडणीला आलेले मजूर अडकून पडलेले. छायाचित्रकार डोरोथिया लँगनं तिथे बत्तीस वर्षांच्या एका आईचा फोटो काढला. दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली पोरं, मांडीवर तान्हं. कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता; तो लँगनं नंतर निगेटिव्हवरून पुसून घेतला. अंगठा खटकला तिला. नाव मात्र तिनं विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, तेही ती बाई वैतागून बोलली म्हणून: माझा चेहरा जगभर फिरला, मला त्यातून दमडी मिळाली नाही.

या फोटोसमोर मला रडू येत नाही. अवघडायला होतं. ही बाई उठून नमस्कार करणार नाही, मला मोकळं करणार नाही. मी हवा तितका वेळ बघू शकतो, हाच त्रास आहे. १९८३ मध्ये ती आजारी पडली, मुलांनी मदत मागितली, तेव्हा लोकांनी पत्रांसोबत हजारो डॉलर पाठवले. त्याच वर्षी ती गेली.

मीही कॅमेरा बाळगतो. कांद्याचा भाव पडला होता, तेव्हा लासलगावला लिलावाच्या ओळीत ट्रॉलीवर बसलेल्या एका आजोबांचा फोटो काढला. डोळे मिटलेले, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. फोटो उत्तम आला, बक्षीसही मिळालं. काढून झाल्यावर आजोबांनी डोळे उघडून विचारलं होतं, "काढला का? मंग नाव न्हाई लिहून घेत?"

मी म्हणालो, घेतो ना. तेवढ्यात ओळ पुढे सरकली. मलाही चारची बस गाठायची होती.