स्वतःलाच कॉल करणारं फंक्शन

[दृश्य: टर्मिनल, सुट्या भागांचं टेबल]
सायकल, तिच्यात चाक, चाकात रिम, हब, आरे. पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं 'एकूण_वजन' हे फंक्शन वजन काढताना आतल्या प्रत्येक भागासाठी स्वतःलाच कॉल करतं.

[दृश्य: एंटर, एररची ओळ]
एसक्यूएलमध्ये लिहिलेलं हे फंक्शन एका एंटरला तयार होतं. पण दोन फंक्शनं एकमेकांना कॉल करत असतील, तर पहिल्याच एंटरला उत्तर येतं: असं फंक्शन अस्तित्वात नाही. एसक्यूएल भाषेतल्या फंक्शनचा मजकूर ते तयार होतानाच तपासला जातो, आणि त्या क्षणी कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, दुसऱ्याची नोंदच झालेली नसते. स्वतःची झालेली असते, म्हणून स्वतःला केलेला कॉल चालतो. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या दुसऱ्या भाषेत हा अडथळा येत नाही. तिथे आधी फक्त व्याकरण तपासतात. नावं शोधली जातात चालवताना.

[दृश्य: तीन कमांड, एकाखाली एक]
उपाय पाहा. आधी दुसऱ्या फंक्शनचा पोकळ सांगाडा: तेच नाव, तेच पॅरामीटर, तोच परताव्याचा प्रकार, आत नुसतं शून्य. मग पहिलं फंक्शन, आणि शेवटी 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने दुसऱ्याचा खरा मजकूर. 'चेक_फंक्शन_बॉडीज' ही तपासणीची सेटिंग ऑफ करूनही जमतं. बॅकअप घेणारा पीजी-डंप तेच करतो.

[दृश्य: फंक्शनांची यादी, दोन ओळी]
इथे थांबून नीट बघा. 'एकूण_वजन'ला एक पॅरामीटर वाढवून 'क्रिएट ऑर रिप्लेस' केलं, आणि यादीत फंक्शनं झाली दोन. पोस्टग्रेस फंक्शन ओळखतो ते नाव आणि पॅरामीटरच्या प्रकारांवरून. जुनं तसंच राहिलं, शेजारी नवं उभं राहिलं. आतला कॉल एकाच पॅरामीटरचा राहिला असेल, तर पहिली पायरी नव्या फंक्शनची आणि पुढच्या सगळ्या जुन्याच्या. एरर नाही, वजन मात्र चुकतं.

[दृश्य: ड्रॉप, नकार]
जुनं काढायला जावं तर ते वापरणारा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, आडवा येतो, कारण त्याचं अवलंबन 'पीजी_डिपेंड' या कॅटलॉगमधल्या टेबलात नोंदलेलं आहे. डॉलर-डॉलर या खुणांच्या आत लिहिलेला फंक्शनचा मजकूर मात्र पोस्टग्रेसच्या लेखी नुसती अक्षरं. त्यातले कॉल कुठेच नोंदले जात नाहीत. 14व्या आवृत्तीपासून 'बिगिन ॲटॉमिक' या मजकूर लिहिण्याच्या नव्या पद्धतीमुळे ती नोंद होते. पण स्वतःला कॉल करणाऱ्या फंक्शनसाठी ते नको: तिथे मजकूर नोंदीआधीच वाचला जातो, म्हणून स्वतःच्या कॉललाही सांगाडा लागतो; डंपमध्ये सांगाडा येत नाही, रिस्टोअर अडतो.

[दृश्य: एकच ट्रान्झॅक्शन]
अवलंबून असलेलं सगळं काढणारा 'कॅस्केड' कधीही नको, व्ह्यूही जातो. व्ह्यूची व्याख्या आधी जपून ठेवा. मग बिगिन, व्ह्यू ड्रॉप, फंक्शन ड्रॉप, नवं फंक्शन, पुन्हा व्ह्यू, दोन्हींची ग्रांट म्हणजे परवानग्या, कमिट.