बंदुकीच्या आधी पुस्तक

(जालना येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "जुन्या बंदुकांवरची पुस्तकं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "सर, पोलीस परवानगी काढावी लागेल का?"

नाही लागत. बंदुकीला परवाना लागतो, पुस्तकाला लागत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं 45 वं कलम जुन्या धाटणीच्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. आणि चालेल की नाही, हे घरमालकानं ठरवायचं नसतं. त्यामुळे माझ्या घरी एकही बंदूक नाही. पुस्तकांची दोन कपाटं आहेत, आणि तिसऱ्याला घरातून परवाना मिळत नाही.

आता ही पुस्तकं घ्यायची कशाला, ते एका बंदुकीवरूनच सांगतो. याच जिल्ह्यातल्या एका वाड्यात मला बोलावणं आलं. ओसरीत खुंटीवर ठासणीची लांब बंदूक, कानात, म्हणजे ठिणगी आत जायच्या छिद्रात, शिसं ओतून कायमची मुकी केलेली. आजोबा म्हणाले, "असईच्या लढाईतली आहे. आमच्या खापरपणजोबानं गोऱ्याच्या हातातून हिसकून आणलेली." असई म्हणजे आपलीच असई. 23 सप्टेंबर 1803, शिंदे-भोसल्यांची फौज आणि समोर इंग्रज सेनापती वेलस्ली. इथल्या माणसाला असईची बंदूक घरी असावी असं वाटणारच.

मी ओल्या फडक्यानं घोड्याखालची लोखंडी पट्टी पुसली. गंजाखालून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह निघाला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. हे ईस्ट इंडिया कंपनीचंच चिन्ह. पण कंपनीच्या बंदुकांवर आधी बदाम असायचा, चार भाग केलेला, प्रत्येक भागात एक इंग्रजी अक्षर. बदाम जाऊन सिंह आला तो 1808 च्या सुमारास. म्हणजे असईच्या मैदानावर हा सिंह जन्मालाच आला नव्हता.

हे मला कुणी गुरूनं शिकवलं नाही. डेव्हिड हार्डिंग यांचा कंपनीच्या बंदुकांवरचा चार खंडांचा ग्रंथ आहे, 1997 ते 1999 मध्ये निघालेला. माझ्याकडे तो नाही, एका मित्राकडे आहे, आणि मित्र टिकवण्याचं ते एक कारण आहे. पुस्तक हातात घेतलं की मी आधी शिक्के आणि खुणा किती छापल्यात ते पाहतो. नळीची लांबी, भोकाचा व्यास दिलाय का? शेवटी सूची आहे का? सूची नसलेला संदर्भग्रंथ म्हणजे दोर नसलेली विहीर. गुळगुळीत कागदावर सोन्याचं कोफ्तकाम, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली नक्षी, झळकवणारी पुस्तकं पाहुण्यांना दाखवायला छान, पण गंजलेल्या पट्टीपुढे बसलात की ती गप्प राहतात.

सुरुवात स्वस्तात होते. लॉर्ड एगर्टन यांनी लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या भारतीय शस्त्रांची यादी 1880 मध्ये छापली. तिची पुनर्मुद्रणं मिळतात. मात्र पुनर्मुद्रण घेताना चित्रं उघडून बघा. काहींत ती इतकी काळवंडलेली असतात की तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं उडणारी, बंदूक आणि छत्री यांत फरक कळू नये. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा 1934 चा शस्त्रकोश जगभरचा आहे, शब्द अडला की तो उघडायचा. लंडनच्या लिलावांचे जुने कॅटलॉगही सोडू नका. त्यातल्या किमती शिळ्या, पण फोटो आणि मापं शिळी होत नाहीत.

मी फसलोही आहे. जी. एन. पंत यांचे भारतीय शस्त्रास्त्रांवरचे खंड. नाव वाचूनच हुरळलो आणि 1980 चा दुसरा खंड टपालानं मागवला. उघडला तर सगळ्या तलवारी आणि कट्यारी. दोष पंतांचा नाही, अनुक्रमणिका न विचारणाऱ्याचा. दुसऱ्यांदा एका विक्रेत्यानं "प्रत उत्तम" म्हणून पाठवली. बांधणी उत्तमच होती, फक्त अकरा चित्रपानं ब्लेडनं कापून नेलेली. चौकटीत घालून विकली असतील. तेव्हापासून मी चित्रपानं मोजून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

आपल्या लोकांना हैदराबाद जवळ आहे, त्याचा फायदा घ्या. रात्री अजिंठा एक्स्प्रेसनं निघायचं आणि रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची. शेजारीच गनफाउंड्री, निजामाच्या चाकरीतल्या फ्रेंच रेमंडचा 1795 चा तोफांचा कारखाना. तिथल्या ढिगात मला आर्व्हिन यांचं मुघल फौजेवरचं 1903 चं पुस्तक मिळालं, ग्रंथालयाच्या बाद शिक्क्यासह. रहकला म्हणजे गाड्यावरची हलकी तोफ, जंबूरक म्हणजे उंटावरची, असे शब्द त्यात फारसी आधारासह सापडतात. समासात मी आपले शब्द लिहीत जातो: रंजक (कानावरची पेटवायची दारू), जामगी (पेटवायची वात), गज (ठासायची सळई), दस्ता, चाप. इंग्रजी पुस्तकात हे शब्द मिळत नाहीत, आणि वाड्यातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी शब्द कळत नाहीत. मध्ये तो समास लागतो.

जपणुकीचं थोडक्यात: आपल्या उन्हाळ्यात पुठ्ठ्याचा डिंक वाळून कणा तडकतो, पावसाळ्यात वाळवी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कडुलिंबाचा पाला मीही घालतो, पण खरा उपाय महिन्यातून एकदा पुस्तक उघडणं हाच आहे.

तर आजोबांचं राहिलं. सिंहाची गोष्ट सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय सांगायलाव सर! मग आली कुठून?" मी म्हटलं, इथं जालन्याला इंग्रजांची छावणी होती, कित्येक वर्षं. तिथून निकाली निघालेली असू शकते. "म्हणजे भंगारात घेतलेली?" त्यांचा चेहरा बघवेना. मी सिंहाच्या पानाची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवून निघालो, पुन्हा बोलावतील असं वाटलं नाही.

खंडेनवमीला फोन आला. गेलो तर पाटावर बंदूक, शेजारी ती झेरॉक्स, दोन्हीकडच्या सिंहांना हळदकुंकू. नातू मोठ्यानं सगळ्यांना सांगत होता, "हा 1808 नंतरचा आहे बरं का." आणि आजोबा मागून, "असईच्या लढाईतला."